अजयभाऊने सुधारलेली सोयरीक

एटापल्लीच्या अजयभाऊचं नाक एवढं लांब, की तो आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिंकला की सूरजागडच्या घाटात ट्रक ब्रेक मारत. ते नाक दुसऱ्याच्या कामात खुपसून खुपसूनच वाढलं, असं त्याच्याकडे राबणाऱ्या रीनाचं ठाम मत होतं.

रीनाने सोयरीक जुळवायचा प्रोग्राम लिहिला होता. नाव, गाव आणि घराणं किती देवांचं, एवढं टाकलं की कोणाचं कोणाशी जमेल ते पडद्यावर हजर. आरमोरीच्या गोंड समाज मेळाव्यात तो स्वतःच्या नावाने लावायचा आणि अजयच्या दुकानावर थुंकून निघायचं, एवढंच तिला हवं होतं. साधी फाईल ठेवली तर कोणीही उघडून वाचेल, म्हणून तिने सगळं एका एक्झे फाईलमध्ये बांधलं. डबल क्लिक केलं की चालतं, आतलं दिसत नाही.

"आत का लिवलं आहेस वो?" अजयने नाक पुढे केलं.

"तुमाले काऊन पायजे?"

"दुकान माहं, वीज माही!"

"अन् डोकं माहं."

पण ती एक्झे निघाली पळसाच्या पानातली पुडी. अजयने इंटरनेटवरून एक फुकटचं हत्यार आणून गाठ सोडली आणि जवळजवळ सगळा कोड जसाच्या तसा बाहेर काढला. रीनाचं नाव पुसलं, आपलं टाकलं आणि तिला दारातूनच वाटेला लावलं.

"खोलला तुहा डबा! चूक होती त्यात मोठी, तेबी दुरुस्त केली मी."

कोणती चूक? रीना मेळाव्याच्या दिवसापर्यंत दात खात होती.

मेळाव्यात अजय माईक धरून बसला. पडद्यावर पहिलं नाव आलं रीनाच्या सोमारीआत्याच्या लोकेशचं. शेजारी पुनम. त्याचं घर सहा देवांचं, तिचंही सहा. खाली हिरव्या अक्षरांत: शंभर टक्के जुळणी.

रीनाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अजयच्या घरी पत्रिका बघतात. जितके गुण जुळतील तितकं लग्न पक्कं. म्हणून त्याने तिची ‘देव वेगळे हवेत’ ही अटच उलटी केली होती! इथे गोंडांत तर सारखे देव म्हणजे एकमेकांचे भाऊबहीण.

सोमारीआत्या उठली. "हा मुडदा भावाले बहीण देऊन राह्यला!"

मग चपला उडाल्या. इतक्या, की उन्हात सावली पडली आणि आरमोरीचा पुढचा बाजार लोकांनी अनवाणी केला.

"माहा नाई!" अजय टेबलाखालून माईकमध्ये ओरडला. "माह्यावर काऊन धावता? प्रोग्राम रीनाचा आहे! सगळा तिनंच लिवला!"

रीनाने खाली वाकून त्याच्या हातातला माईक काढून घेतला. "ऐकलं ना समद्यायनं? माहा आहे. उलटा तेवढा यानं केला."

तिने आपला लॅपटॉप जोडला. या वेळी तिने नुसती पुडी बांधली नव्हती. सगळा कोड आधी सी भाषेत उतरवून यंत्राच्या भाषेत आटवला होता. तांदूळ शिजवून घोटून पेज केली, आता दाणे वेचा म्हणावं. पडद्यावर लोकेशसमोर सात देवांच्या घरची मुलगी आली आणि सोमारीआत्या खाली बसली.

टेबलाखालून नाक हळूच बाहेर आलं. "यात का केलं आहेस वो?"

"खोला ना भाऊ," रीना म्हणाली. "नाक आहे ना एवढं? घाला."