सहावा चौकोन

चार भाऊ एकदम ढोल बडवायला लागले आणि एल्बियोच्या बायकोनं, माबेलनं, दोन्ही कानांवर हात ठेवले.

“एल्बियो, बंद कर ते. शेजाऱ्यांना वाटेल, घर पाडतायत.”

एल्बियोनं फोन बंद केला. मोंतेविदेओच्या गल्ल्यांतून घरोघरच्या शेगड्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. कसलीही रुसलेली शेगडी त्याच्या हाताखाली पेटायची. हा फोन मात्र आठवडाभर त्याला दाद देत नव्हता. रविवारी आईला, म्हणजे डेल्मिराला, ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती आणि तिला एकच हवं होतं: चारही पोरांचे ढोल पुन्हा एकदा एकत्र ऐकायचे. नेल्सन मालागात, उगो सिडनीत, दारियो ब्युनोस आयर्समध्ये. पोटामागे पांगले, पण ढोल बरोबर घेऊन गेले. प्रत्येकानं आपापल्या घरी वाजवून व्हिडिओ पाठवला होता. एल्बियोनं ते चौकोनाशेजारी चौकोन लावून एका पडद्यावर बसवलेही. चेहरे झकास जुळले, वाजवणं काही केल्या जुळेना.

“उगोचंच चुकतंय. त्याला पहिल्यापासून घाई,” तो कुरकुरला.

“आणि तू मागे रेंगाळतोस ते?” माबेल म्हणाली.

तेवढ्यात तळलेल्या पुऱ्यांची थाळी घेऊन डेल्मिरा दारात उभी. एल्बियोनं फोन गादीखाली सरकवला, पण या घरात तिच्यापासून आजवर काही लपलं नव्हतं.

“आण इकडे. बहिरी नाहीये मी.”

तिनं सगळा गोंधळ शेवटपर्यंत ऐकला. उगोचं सुटलेलं पोट बघून मनसोक्त हसली. मग विचारलं, “ठोका कुणी धरलाय?”

रस्त्यावर ढोल निघण्याआधी काठीनं ढोलाच्या लाकडी अंगावर ठोका धरायचा, तो सगळ्यांच्या अंगात भिनला की मगच चामड्याला हात लावायचा, हे त्यांच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एल्बियोनं नेल्सनला फोन लावला.

“मला वाटलं, तू धरशील. थोरला तू ना?” नेल्सन म्हणाला.

उगोला वाटलं होतं दारियो धरेल, आणि दारियोला वाटलं होतं, कुणीतरी धरेलच. जन्मभर कुणीतरी धरतच आलं होतं.

“गाढवं जन्माला घातली मी,” डेल्मिरा म्हणाली. तिनं स्वयंपाकाचा लाकडी चमचा उचलला, टेबलाशी बसली आणि त्याच्या कडेवर ठोका धरला. तिच्या तरुणपणी बायका ढोलांपुढे नाचायच्या, ढोलाला हात लावत नसत. पण याच ठोक्यावर थोपटून तिनं चौघांना झोपवलं होतं. एल्बियोनं ते फोनमध्ये टिपलं आणि तिघांना धाडलं: हे कानात घाला आणि वाजवा.

शनिवारी सगळ्यांचे नवे व्हिडिओ आले. एल्बियोनं त्यांच्यात स्वतःचा नवा मिसळला, भीत भीत बटण दाबलं, आणि ढोल एका तालात चालायला लागले. माबेल शेगडीवरचं कालवण तसंच टाकून नाचत सुटली. एल्बियोच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

चौघं आणि मधोमध आई. सहावा चौकोन मात्र काळाच उरला.

“माबेलला घालू का तिथं?” एल्बियोनं आईला विचारलं.

“या केसांनिशी? मुळीच नाही,” माबेल म्हणाली.

डेल्मिरानं त्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. “तिथं आग घाल,” ती म्हणाली.

पोरांचे बाबा, आन्सेल्मो, यांना ताल म्हणून नव्हता. टाळी वाजवली तरी चुकायची. पण मिरवणुकीआधी कोपऱ्यावर आग पेटवून ढोलांची चामडी शेकून ताणायची, ते काम त्यांचं. ते गेल्यापासून ती आग दुसरेच कुणी पेटवत होते. एल्बियोनं अंगणात पुठ्ठे आणि मोडकी खोकी पेटवली आणि फोन बादलीला टेकवून ठेवला.

रविवारी घर माणसांनी भरलं. उगोचं पोट दिसलं की हशा, आणि डेल्मिराचा चमचा दिसला की टाळ्या. शेवटी ढोल थांबले. पोरांनी हसत हात खाली घेतले आणि एकेक चौकोन काळा झाला. आग मात्र जळत राहिली. तेवढा तुकडा लांब निघाला होता.

“चुकून राहिलं, आई. कापतो.”

“हात लावू नकोस,” डेल्मिरा म्हणाली. “ढोल निघून गेले तरी तुझा बाप आगीपाशी असाच थांबायचा, विझेपर्यंत.”

हातातला लाकडी चमचा मांडीवर ठेवून ती शेवटची खोकी जळताना बघत बसली.