गोदामाच्या कॅमेऱ्याची वायर

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची वायर आहे. कळमेश्वरजवळच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या आवारात लोखंडी खांबांवरून मी लोंबकळत असते. माझे काळे आवरण विदर्भाच्या उन्हाने तडकले आहे. खालून जाणारे कुणी वर पाहत नाही. तुम्ही थांबलाच आहात तर ऐका. पण माझी गोष्ट गोड नाही.

कारखान्यात तांब्याची कांडी ओढून ओढून माझे बारीक धागे केले, ते पिळले आणि त्यांवर आवरण चढवले. सीताबर्डीच्या एका दुकानात माझे वेटोळे टांगलेले असे. तेव्हा वाटायचे, आपण कुणाच्या घरी दिवा लावू, पंखा फिरवू.

१९८५ साली आनंदराव नावाचे मिस्त्री मला इथे घेऊन आले. गोदामातून रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, चोरीला जाते असा मालकांना संशय होता. म्हणून गोदामात कॅमेरा आणि मॅनेजर मधुकररावांच्या खोलीत टीव्ही बसवायचा होता. कॅमेऱ्याचे चित्र खोलीत आणायला एक जाड केबल होती. कॅमेऱ्याला वीज पोचवायचे काम माझे.

खोली फाटकाजवळ आणि गोदाम आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. आनंदराव म्हणाले, "साहेब, कॅमेऱ्याले वीज गोदामातूनच द्या. एवढ्या लांबून बारीक वायरीतून नेली तर अर्धी रस्त्यातच जिरते. चित्र अंधारं येईन."

"आणि तिथलं बटन कामगारांच्या हाती देऊ?" मधुकरराव म्हणाले. "बंद करून बसतील. पाण्याच्या मोटरचं बटनसुद्धा मी इथं ठेवलं आहे. गोदामात एकही बटन नको."

"मग वायर तरी जाड घ्या."

"आणली आहे तीच लावा."

आनंदरावांनी मान हलवली आणि मला खांबांवर चढवले.

माझे एक टोक मधुकररावांच्या खोलीत आणि दुसरे गोदामात, त्यामुळे दोन्हीकडचे बोलणे माझ्या कानी पडे. पहिल्या दिवशी टीव्हीला हार घातला. धरमपेठेतून मालकांचे पाहुणे मोटारीने तो पाहायला आले. "वा! बसल्या जागी सारं दिसतं," ते म्हणाले. गोदामात मात्र रुईतली घाण वेचणाऱ्या बाया काम थांबवून वर पाहत होत्या. त्यांच्यातल्या अंजनाबाईंनी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून मुकादमाला विचारले, "काहून गा, आम्ही चोर आहो काय?"

"कामाकडे पाहा. साहेब सारं पाहून राहिले," मुकादम म्हणाला.

खरे तर साहेबांना फारसे काही दिसत नव्हते. मी जीव तोडून वीज ओढत होते, पण माझ्याच लांबीत ती गरम होऊन विरून जाई. रुईच्या गाठी दाबायचे यंत्र सुरू झाले की विजेचा दाब आणखी उतरे आणि टीव्हीवर राख पसरल्यासारखे होई. माणसे म्हणजे हलणाऱ्या सावल्या. आनंदराव एकदा दुरुस्तीला आले तेव्हा त्यांनी जाड वायरीची गोष्ट पुन्हा काढली. मधुकरराव हसून म्हणाले, "बायांना वाटतं ना की दिसतं? झालं तर मग."

पुढच्या वर्षी, एप्रिलच्या भर दुपारी, गोदामाच्या मागच्या थप्पीत एक गाठ आतल्या आत धुमसू लागली. त्या थप्पीवर अंजनाबाईंचा नवरा रुपराव गाठी रचत होता. धूर दिसताच अंजनाबाईंच्या शेजारी रुई वेचणारी पुष्पलता ओरडली, "मी हापिसात पळतो वं!"

"थांब!" अंजनाबाई म्हणाल्या. "तू इकडे गाठी ओढ. साहेब पाहून राहिले. मोटर सुरू करतीनच आता."

त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात हलवू लागल्या. "साहेब, आग लागली! पाणी सोडा!"

मित्रांनो, माझ्या दुसऱ्या टोकाला मधुकरराव टीव्हीसमोरच बसले होते. पडदा नेहमीसारखाच राखाडी होता, थोडा जास्त इतकेच. त्यांनी टीव्हीवर थाप मारली. "आज फारच खराब येतंय," ते कारकुनाला म्हणाले आणि टीव्हीचे बटन बंद करून डबा उघडायला गेले.

अंजनाबाई हात हलवतच होत्या. नळाला पाणी येईना तेव्हा पुष्पलता हापिसाकडे धावत सुटली. मोटर सुरू झाली तोवर थप्पी पेटून रुपरावसकट कोसळली होती. अंजनाबाई आत घुसल्या. लोकांनी त्यांना भाजलेल्या हातांनिशी ओढून बाहेर काढले. रुपरावला कुणालाही काढता आले नाही.

चौकशीला साहेबलोक आले. मधुकररावांनी सांगितले, "रुपराव बहुधा बिडी ओढत असेल. मी टीव्हीसमोरच होतो. कुणी मदत मागताना दिसलं नाही."

"माहा नवरा बिडी ओढतच नव्हता!" अंजनाबाई हातांना पट्ट्या बांधून उभ्या होत्या. "तुमच्या टीव्हीत पाहा ना साहेब. मी हात हलवून राहिली होती. त्याच्यात दिसन."

"बाई, तो टीव्ही फक्त समोरचं दाखवतो. साठवून ठेवत नाही," मधुकरराव म्हणाले.

ते खोटे बोलले नव्हते, याचाच मला सर्वांत जास्त राग येतो. आनंदरावांनाही बोलावले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा वर पाहिले आणि खाली मान घालून सांगितले की काम नीट झाले होते. पुढे त्यांना मालकांच्या बंगल्यावर कॅमेरा बसवायचे काम मिळाले. तिथे जाड वायर घातली, असे ऐकते. चित्र आरशासारखे येते म्हणे.

अंजनाबाईंना पुन्हा कामावर घेतले नाही. त्यांच्या हातांची बोटे मिटत नाहीत.

मित्रांनो, मला जपा, पुसा, सांभाळा असे मी म्हणणार नाही. ज्याच्यावर पाळत ठेवता त्याच्या हाकेलाही धावून जाण्याची सोय करा, एवढेच म्हणते. इथे तीही झाली नाही. गोदामाला नवे पत्रे आले, नव्या बाया आल्या. जळलेल्या कॅमेऱ्याच्या जागी मधुकररावांनी एक रिकामी पेटी ठोकली आणि माझे टोक तिच्यात खुपसून ठेवले. माझ्यातून आता वीज वाहत नाही. मुकादम नव्या बायांना पेटी दाखवून सांगतो, साहेब पाहून राहिले.

त्या मान खाली घालून रुई वेचतात. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला असता तर मी एवढेच ओरडले असते : धूर दिसला तर इथे हात हलवत उभ्या राहू नका वं बायांनो. पळा.