छपराखालचं उत्तर

मी फळा. हिरवा, लाकडी चौकटीचा, दोन्ही बाजूंनी लिहिता येणारा. सध्या विद्यापीठाच्या एका तळघरात मला भिंतीकडे तोंड करून उभं केलंय. शेजारी मोडक्या खुर्च्या आहेत, त्यांना काही वाटत नसावं. मला मात्र चैन पडत नाही. वरून पावलांचे आवाज येतात, दारं उघडतात, मिटतात, आणि दर वेळी वाटतं की आता कोणीतरी खाली येईल. कोणी येत नाही. म्हणून म्हटलं, आपणच बोलावं.

माझा जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. तिथून मी गणित विभागात आलो. मोठमोठे प्राध्यापक माझ्यावर लिहायचे आणि लिहिताना वर्गाकडे त्यांची पाठ असायची. पुढे पांढरे चकचकीत फळे आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. लोक ओल्या छत्र्या मला टेकवून ठेवू लागले.

तिथून मला बाहेर काढलं वेंडेल ब्रुसार्डने. लुईझियानाकडचा हा उंच, सावकाश बोलणारा मुलगा गणितात पीएच.डी. करत होता. आख्ख्या विभागात तो एकटाच काळा विद्यार्थी. विभागप्रमुखांना विचारून त्याने भर दुपारी मला चाकांवरून ढकलत बाहेर आणलं. अर्ध्या वाटेवर सुरक्षारक्षकाने अडवलं. फळा कुणाचा, कुठे नेतोस, कुणाला विचारलंस? वेंडेलने शांतपणे विभागाचा फोन नंबर सांगितला. रक्षक खात्री करून येईपर्यंत आम्ही दोघं बर्फात उभे. त्याच रस्त्याने एक टोळकं सोफा उचलून नेत होतं, हसत, धडपडत. त्यांना कोणी थांबवलं नाही. वेंडेलने माझ्या चौकटीवरचा हात काढला नाही.

त्याने मला नेलं ते आवाराच्या टोकाला असलेल्या दुमजली घरात. कागदोपत्री त्याचं नाव ‘कृष्णवर्णीय विद्यार्थी केंद्र’ होतं, पण सगळे त्याला ‘घर’च म्हणायचे. ते सहज मिळालेलं नव्हतं. मी यायच्या बऱ्याच आधी काही मुलं कुलगुरूंच्या कचेरीत जमिनीवर ठाण मांडून बसली होती, तेव्हा कुठे त्याच्या किल्ल्या हाती आल्या. त्या मुलांतलीच एक, ओडेसा टिलरी, आता केंद्राची प्रमुख होती. मुलं तिला ‘मिस ओडेसा’ म्हणायची. आवाज खालचा, पण ती बोलायला लागली की पंखासुद्धा हळू फिरतोय असं वाटायचं.

घरात काय नव्हतं? खालच्या खोलीत पुस्तकं आणि एक कपाट, त्यात जुन्या प्रश्नपत्रिका. गोऱ्या मुलांच्या मंडळांकडे असे गठ्ठे पिढ्यान् पिढ्या साठवलेले असतात. आमच्याकडे वेंडेलने शून्यातून सुरुवात केली. माझ्यासमोर एक लांब टेबल. रविवारी चर्चहून आल्यावर मुलं तिथे जमायची. स्वयंपाकघरात मासे तळले जायचे, मक्याचा पाव भाजला जायचा. एखादी मुलगी दुसरीच्या केसांच्या बारीक वेण्या घालत असायची आणि जिच्या वेण्या चालल्यात ती मान न हलवता सूत्रं म्हणायची. चुकली की केस ओढले जायचे.

रेनेटा पिकन्स आली ती दारातच उभी राहिली, कोट न काढता. ती गॅरी गावची. बाप पोलादाच्या भट्टीवर. तिला पूल बांधायचे होते. पण पहिल्याच चाचणीत कॅल्क्युलसमध्ये तिची दांडी उडाली होती आणि सल्लागारबाईंनी गोड हसून सुचवलं होतं की काहीतरी सोपं घे, उगाच मनाला त्रास नको. हे तिने नंतर सांगितलं. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली की मी फक्त बघायला आलेय.

वेंडेलने तिच्या हातात खडू दिला. तिने माझ्या अगदी कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात गणित मांडलं.

टेबलापाशी लमाँट गॅड्सडेन बसला होता. क्लीव्हलँडचा, तल्लख, तोंडाला लगाम नसलेला. सकाळी भोजनगृहात भांडी घासून वर्गाला जायचा. तो म्हणाला, “बाई, फळा फुकट आहे. घरून खडू आणल्यासारखी पुरवून पुरवून काय लिहितेस?”

सगळे हसले. रेनेटाने सगळं पुसलं आणि तेच गणित हातभर अक्षरात पुन्हा मांडलं. चूकही हातभर दिसली. ती कुठे आहे ते लमाँटनेच उठून दाखवलं. त्या दिवसापासून दोघांची जोडी जमली. भांडणाचीच म्हणा. त्यांच्याच वर्गातली योलँडा ही तिसरी. ती बोलायची कमी आणि दोघं एकदम ओरडायला लागले की खडू काढून घ्यायची.

वेंडेलची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. वर्गात जे गणित पानभर चालायचं ते तो तीन रकान्यांत मांडायचा आणि तिरके बाण काढत उत्तरापर्यंत यायचा. ही रीत त्याला गावाकडच्या शाळेत एका मास्तरीणबाईंनी शिकवली होती. उत्तर आलं की तो त्याभोवती चौकोन काढायचा आणि चौकोनावर छप्पर. “उत्तर उघड्यावर ठेवू नये,” म्हणायचा. मुलांनाही ती सवय लागली. संध्याकाळपर्यंत माझ्यावर छपरांची एक वस्तीच उभी राहायची.

सत्र संपलं. निकालाच्या दिवशी तिघंही पहिल्या दहात. रेनेटा धावत आली आणि माझ्या चौकटीला कपाळ टेकून नुसती उभी राहिली. मिस ओडेसाने पीचचा गोड पदार्थ केला. तो ओव्हनमधून बाहेर यायच्या आतच फोन वाजला.

तिघांना कॅल्क्युलस शिकवणारे प्राध्यापक हॉलबर्ट यांचं म्हणणं होतं की तिघांनी नक्कल केली. वर्गात न शिकवलेली रीत तिघांच्या पेपरांत, तेच रकाने, तेच बाण. वर प्रत्येक उत्तरावर चक्क एकसारखं छप्पर. एवढ्या खालून एवढ्या वर कोणी येतं का? समिती बसेल, तिच्यासमोर तिघांनी पुन्हा गणितं सोडवून दाखवावीत, नाहीतर पेपर रद्द. वेंडेल लगेच जाऊन भेटला, माझ्यामुळे झालं हे, मी शिकवलंय, म्हणाला. त्याला सांगण्यात आलं की जे काही आहे ते समितीपुढे सांगा.

त्या संध्याकाळी टेबलाभोवती कोणी बसलं नाही. सगळे उभेच होते. खोलीत वारा कोंडल्यासारखा झाला होता.

योलँडा म्हणाली, दाखवून टाकू आणि मोकळे होऊ. रेनेटालाही तेच वाटत होतं. लमाँट खिडकीशी उभा होता. पहिल्यांदाच त्याला काही गंमत सुचत नव्हती.

“मी नाही सोडवणार,” तो म्हणाला.

“तुला येतं की सगळं,” रेनेटा म्हणाली. “आमच्यापेक्षा जास्त येतं.”

“म्हणूनच. ज्या मुलांच्या मंडळात जुने पेपर आहेत, ती एकत्र बसून घोकतात. त्यांना कोणी बोलावलं का? आज हे केलं, तर पुढच्या वर्षी परत करावं लागेल. मग नोकरीतही. मी आयुष्यभर लोकांच्या दारात उभा राहून खरा असल्याचं दाखवत फिरू?”

“आणि पेपर रद्द झाला तर? शिष्यवृत्ती गेली तर? तुझी आई काय म्हणेल?”

“आईला मध्ये आणू नकोस.”

दोघांनी मिस ओडेसाकडे पाहिलं. ती म्हणाली की हे घर मिळवताना आमच्यातही असंच झालं होतं. काही आत बसले, काही बाहेर उभे राहिले, आणि कोणाचं बरोबर होतं हे अजून ठरलेलं नाही. “मी तुम्हाला सांगणार नाही, बाळांनो. पण जे कराल ते एकत्र जाऊन करा.”

समिती ज्या खोलीत बसणार होती तिथे फळा नव्हता. मिस ओडेसा म्हणाली, आमचा आणतो. म्हणून सकाळच्या उन्हात मी पुन्हा आवार ओलांडलं. या वेळी एकटा वेंडेल नव्हता, घरातली झाडून सगळी मुलं होती. कोणी ढकलत होतं, कोणी नुसतं बरोबर चालत होतं. कोणी अडवलं नाही. अंगावर काही लिहिलेलं नसताना मला इतकं जड कधी वाटलं नव्हतं.

आधी वेंडेलने ही रीत आपण शिकवल्याचं सांगितलं; ते नुसतं लिहून घेतलं गेलं. पहिल्यांदा योलँडाने सोडवलं. नीट, न बोलता. मग रेनेटा. हॉलबर्टनी तिला पेपरातलं गणित न देता दुसरं दिलं, जास्त अवघड. तिने तीन रकाने काढले, बाण काढले, मध्ये एकदा थांबली. तिने मागे वळून पाहिलं, एक चिन्ह सुधारलं आणि पुढे गेली. उत्तरावर छप्पर काढताना तिचा खडू मोडला.

हॉलबर्ट उठून जवळ आले. ते वाईट माणूस नव्हते, मला तसं कधी वाटलं नाही. ते म्हणाले, उत्तम, फारच उत्तम, आणि त्यांनी हात पुढे केला. रेनेटाने तो हातात घेतला. मग लमाँटला बोलावलं.

तो आला. खडू उचलला, हातात फिरवला. माझ्यासमोर अगदी जवळ उभा होता. त्याचा श्वास माझ्यावर येत होता.

“ही परीक्षा मी एकदा दिलेली आहे,” तो म्हणाला. आणि खडू जागेवर ठेवून बाहेर गेला.

निकाल लागायला वेळ लागला नाही. मुली सुटल्या. लमाँटचा पेपर रद्द झाला. समितीतल्या एकाने म्हटलं ते मी ऐकलं: दोघींनी दाखवलं, त्याने नाही, म्हणजे काय ते उघड आहे.

हे वाक्य रेनेटानेही ऐकलं होतं. आपण सोडवलं म्हणून तो खोटा ठरला, हे तिच्या मनात घुसलं ते निघेना. ती डीनबाईंकडे गेली आणि माझेही गुण काढून घ्या म्हणाली. त्या म्हणाल्या, असं करता येत नाही. ती पुन्हा गेली. मग योलँडा गेली, मग घरातली सगळी जायला लागली. मिस ओडेसा रोज जायची आणि खुर्ची दिली तरी बसायची नाही. वसंत ऋतू आला तेव्हा नियम बदलला: ठोस पुरावा असल्याशिवाय कोणालाही असं पुन्हा परीक्षेला उभं करायचं नाही. लमाँटचे गुणही परत मिळाले.

पण लमाँट नव्हता. शिष्यवृत्ती थांबल्यावर तो क्लीव्हलँडला गेला होता आणि वीजजोडणीचं काम शिकायला लागला होता. रेनेटाने फोन केला. तो म्हणाला, बरं झालं, आता पूल नीट बांध. परत येशील का, या प्रश्नावर तो हसला आणि विषय बदलला.

त्यानंतर कितीतरी रविवार ती लांब टेबलापाशी बसली, वेंडेल पीएच.डी. संपवून गेल्यावर त्याच्या जागी. नवी मुलं दारात कोट घालून उभी राहिली की ती उठून जायची आणि त्यांना आत आणायची. मात्र मुलांनी छप्पर काढलं की ती क्षणभर दुसरीकडे बघायची.

वर्षं गेली. मिस ओडेसा निवृत्त झाली. मग एका ऑगस्टमध्ये एक पांढऱ्या दाढीचा माणूस एका मुलीच्या पेट्या उचलून घरात आला. आवाजावरून मी ओळखलं. लमाँट. मुलीचं नाव नाओमी. तिने याच विद्यापीठात प्रवेश घेतला होता, बापाने नको म्हटलं असतानाही.

तो माझ्यासमोर उभा राहिला. खडूकडे पाहिलं, पण हात लावला नाही. नाओमी म्हणाली, “बाबा, तुम्ही इथेच बसायचात का?”

“हो. तूही बस. जे समजत नाही ते विचार, लाजू नकोस.” तो जायला निघाला आणि दारातून वळला. “आणि कोणी तपासायला बोलावलं, तर एकटी जाऊ नकोस.”

गेल्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला आणि घर बंद झालं. दारावरची पाटी काढली. आता सगळ्यांसाठी एकच केंद्र असेल, असं सांगितलं गेलं. ते ग्रंथालयात आहे म्हणे, एक खिडकी आणि एक वेळापत्रक. पुस्तकं कुठे गेली माहीत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका नाओमी आणि तिच्या मैत्रिणींनी पिशव्यांत भरून नेल्या, तेवढं मी पाहिलं. मग दोन कामगारांनी मला इथे आणलं.

परवा ते कामगार पुन्हा एक खुर्ची टाकायला आले होते. त्यांच्या बोलण्यात आलं की काही मुली वसतिगृहाच्या कपडे धुण्याच्या खोलीत अभ्यासाला बसतात, यंत्रांच्या घरघराटात, आणि तिथल्या काचांवर गणितं लिहितात. कामगार हसत होते. मला तेव्हापासून झोप नाही.

तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल, तर नाओमीला सांगा की मी या इमारतीच्या तळघरात आहे, दाराला कुलूप नाही. काचेवर लिहिलेलं वाफेने ओघळतं. माझ्यावर लिहिलेलं, तुम्ही स्वतः पुसेपर्यंत राहतं.