दहाच्या नोटेवरची थंडी

किराणा दुकानाच्या मागच्या गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. पोत्यांवर माणसं, पोत्यांच्या मध्ये माणसं, आणि उदाच्या धुरात कंदिलाशी बसलेला नोटबाबा. इस्त्रीवालीला सकाळी याच दुकानात सुट्ट्या पैशांत एक जुनी दहाची नोट मिळाली होती. बाबाने ती चिमट्यात धरली आणि कंदिलाच्या काचेवर फिरवायला सुरुवात केली.

"ही साधी नोट नाही, माई! ज्याच्या हातून गेली त्याचा जीव हिच्यात अडकलाय. परदेशातले शौकीन अशा नोटेला पाच लाख मोजतात, पाच! पण जीव मोकळा न करता विकलीत, तर घर धुऊन निघेल. बघा, बोलतेय!"

नोटेच्या पांढऱ्या कडेवर तपकिरी अक्षरं उमटली. 'ठमे, थंडी वाजते.'

 इस्त्रीवालीला ठमी म्हणणारा एकच माणूस होता, तिचा नवरा, आणि त्याला जाऊन तीन महिने झाले होते. तापाने कुडकुडत गेला बिचारा. ती चादरीवर इस्त्री फिरवून गरम गरमच त्याच्या अंगावर टाकायची, तरी त्याचं एकच पालुपद, थंडी वाजते.

"जीव सोडवायला त्याच्या आईच्या अंगावरचं सोनं लागेल," बाबा म्हणाला. "बुधवारी आणा."

सोनं म्हणजे सासूच्या दोन बांगड्या, तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी राखलेल्या. सून समोर उभी राहिली तरी म्हातारी आता आवाजावरून ओळखायची. "डोळे काय चुलीत घालायचेत?" ती म्हणाली. "माझं पोर तिकडे गारठलंय."

 खोटं कशाला बोला, त्या दिवसापासून इस्त्रीवाली स्वतःच रोज संध्याकाळी एक चादर तापवून नवऱ्याच्या रिकाम्या खाटेवर पसरत होती. चादर निवली की तिला वाटायचं, त्याने ऊब घेतली. वेड लागायचंच काय ते बाकी होतं.

मंगळवारी तिने साबण घेतला, तर सुट्ट्या पैशांत आणखी एक तसलीच नोट. घरी येऊन तिने ती मेजावर ठेवली. पार चुरगळलेली होती, आणि सवयीचा हात तो, चुरगळलेलं दिसलं की इस्त्री फिरलीच. उचलून बघते तर अक्षरं.

'आई, पाण्यातून काढ.'

 आई? तिला तर मूलबाळच नव्हतं. पलीकडच्या गल्लीतल्या सुतारिणीचा मुलगा मात्र विहिरीत बुडाला होता. ती दोन पावलं मागे सरली, आणि तेवढ्यात तिला वास आला. करपलेल्या लिंबाचा.

हा वास तिला वीस वर्षं छळत आला होता. गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावर लिंबू उडालेलं असतं, दिसत काही नाही, आणि इस्त्री फिरली की डाग तपकिरी होऊन वर येतो. मग 'सदरा जाळलात' म्हणून बोलणी खायची इस्त्रीवालीने!

ती तडक जुनी नाणी-नोटा विकणाऱ्याकडे गेली. त्याने भिंग लावलं आणि कपाळावर हात मारला.

"नोटेला इस्त्री केलीत? अहो बाई, हिला किंमत असती तरी तुम्ही ती घालवलीत! पण जिवाला लावून घेऊ नका. जुनी म्हणजे दुर्मिळ नव्हे. कोरी करकरीत असती, छपाईत चूक असती, तर गोष्ट वेगळी. ही दहाची, ती दहालाच जाणार. असल्या मळक्या नोटांचा एक गठ्ठा तुमच्या किराणावाल्यानेच नेलाय गेल्या महिन्यात."

किराणावाल्याने! त्याच्याच काउंटरवर डोळे पुसत तिने सगळं सांगितलं होतं. ठमीसुद्धा, थंडीसुद्धा. आणि मेल्याने आज घाईत सुतारिणीसाठी लिहिलेली नोट तिच्या हातावर टेकवली होती.

बुधवारी ती कोळशाची इस्त्री घेऊनच गोदामात शिरली. सुतारीण पुढेच होती, मुलाचं चांदीचं कडं मुठीत आवळून.

"आज मी जीव बोलावते," इस्त्रीवाली म्हणाली. तिने सगळ्यांदेखत लिंबू पिळलं, काडीने कोऱ्या कागदावर लिहिलं, फुंकून वाळवलं आणि वर इस्त्री दाबली. अक्षरं आली. 'मी लबाड आहे.'

"कुणाचा हो हा आत्मा, बाबा?"

"थट्टा करू नकोस! विस्तव आहे हा!"

"आहेच की. माझ्या इस्त्रीत आहे."

लोक हसले, मग चिडले. कुणीतरी पुढे दुकानात जाऊन किराणावाल्याचा गल्ला उघडला. आत लिंबाच्या रसाची वाटी होती, आणि गावात कोण कधी गेलं त्याची यादी. बाबा मागच्या दाराकडे सरकला, पण दारातच लोकांनी त्याला धरलं.

सुतारीण मात्र हसली नाही. "म्हणजे तो पाण्यात नाही?"

"नाही गं. तो कुठेच अडकलेला नाही. अडकलोय आपण. दुःख आपलं खरं होतं, म्हणून यांचं खोटं खपलं. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर आधी एवढंच विचार, हे कसं केलंस?"

घरी सासूने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तो काही बोललाच नाही?"

"नाही, आई."

म्हातारी भिंतीकडे तोंड करून खूप वेळ रडली. संध्याकाळी इस्त्रीवालीने सवयीने चादर तापवली, खाटेपर्यंत गेलीसुद्धा, आणि थांबली. मागे सासूचे दात वाजत होते. तीन महिने वाजत असतील, तिने ऐकलेच नव्हते. तिने गरम चादर म्हातारीच्या अंगाभोवती गुंडाळली.

"मेलेल्याला थंडी वाजत नाही, आई," ती म्हणाली. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय."