दोन निळी पिंपे आणि एक लाल रेघ

मी एक जुनी काचेची टाकी आहे आणि मला राग आला आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारी गोड बोलता बोलता एकदम अंगावर आली. माझ्या वयाच्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळ्यांत पाणी आणतात. माझ्या पोटात तीनशे लिटर पाणी आहे, तेही खारट. पण ते रडण्यासाठी नाही. मला एका माणसाला जाब विचारायचा आहे.

माझा जन्म एका काच कापणाऱ्याच्या दुकानात झाला. त्याने माझ्या पाच काचा कापल्या, त्यांच्या कडा घासून बोथट केल्या आणि चिकट लुकणाने त्या एकमेकींना जोडल्या. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. दोन दिवस त्याने मला पाणी भरून ठेवले आणि गिऱ्हाइकाला सांगितले, "गळली तर नाव बदलीन." त्याला नाव बदलावे लागले नाही. कष्टकऱ्यांचा शब्द असा असतो.

ते गिऱ्हाईक म्हणजे माझा मालक. त्याचे चष्म्याचे दुकान होते. नुकतेच लग्न झालेले, अंगात हौस मावत नव्हती. गोड्या पाण्यातले मासे कुणीही पाळतो, याला घरात समुद्र हवा होता आणि समुद्रातले जिवंत प्रवाळ हवे होते. प्रवाळ दिसते दगडासारखे किंवा झाडासारखे, पण तो प्राणी असतो बरे का. त्याला तोंड असते, पोट असते आणि रुसवाही असतो. पाणी बिनसले की अंग आखडून बसते.

तेव्हा यंत्रे ती कोणती? दोन ट्यूबलाइट, म्हशीसारखा घोरणारा एक हवेचा पंप आणि पाण्यातले मीठ मोजायची एक काचेची तरंगती नळी. बाकी सगळे हाताने. मालक लाकडी डावाने पिंपात मीठ विरघळवायचा. सकाळी चहाचा कप घेऊन माझ्यासमोर चौरंगावर बसायचा आणि अर्धा तास नुसता बघायचा. त्या बघण्यावर आम्ही सगळे जगलो.

आता नीट ऐका, कारण पुढचे सगळे रामायण इथे आहे. टाकीतले पाणी रोज थोडे थोडे उडून जाते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घालायची. खारे पाणी वेगळे कालवून ठेवायचे; ते आठवड्यातून एकदा, जुने थोडे काढून त्याच्या जागी ओतायचे. माझ्या शेजारी भिंतीलगत यासाठी दोन निळी पिंपे होती. एकात गोडे, एकात खारे. दोन्ही अगदी सारखी, जुळ्या भावांसारखी. भर किती घालायची ते कळावे म्हणून मालकाच्या बायकोने आपल्या लाल नेलपॉलिशने माझ्या काचेवर एक आडवी रेघ ओढली होती. "ही माझी सही. इथपर्यंत पाणी, वर नाही, खाली नाही," ती म्हणाली होती.

घरात आणखी एक माणूस होता, मालकाचा धाकटा भाऊ. तो रेडिओ दुरुस्त करायचा. माझे दिवे त्यानेच टांगले. पंप बिघडला की "दादा, सरक जरा," म्हणायचा आणि पाच मिनिटांत चालू करायचा.

एकदा बायकोच्या वडिलांचे ऑपरेशन निघाले. तिला तेव्हा सातवा महिना लागला होता, तिला एकटी कशी पाठवायची, म्हणून मालकही गेला. पंधरा दिवसांसाठी मला धाकट्याच्या हवाली केले. जाण्याच्या घाईत मालकाने माझ्या काचेवर एक कागद चिकटवला. त्यावर लिहिले होते: "रोज लाल रेघेपर्यंत पाणी भरणे. पिंपातले."

कोणत्या पिंपातले? ते लिहिले नव्हते, सांगितलेही नव्हते. पिंपांवर खूण नव्हती. दुकानात प्रत्येक भिंगाच्या पाकिटावर नंबर लिहिणारा, "चुकीचा नंबर म्हणजे माणसाच्या डोळ्यांशी खेळ" असे गिऱ्हाइकांना ऐकवणारा हा माणूस, आणि घरच्या पिंपावर त्याला दोन अक्षरे लिहिता आली नाहीत! त्याला माहीत होते, म्हणजे सगळ्या जगाला माहीत असणार.

धाकट्याने पंधरा दिवस रोज कागद वाचला आणि रोज रेघेपर्यंत पाणी भरले, हाताशी होते त्या पिंपातले. ते खारे होते. मीठ दिवसेंदिवस चढत गेले. आधी प्रवाळ आखडले. मग मासे तळाशी जाऊन जोरजोरात श्वास घेऊ लागले. धाकटा घाबरला. काहीतरी कमी पडते आहे असे वाटून तो आणखी काटेकोरपणे रेघ पाळू लागला. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. काचेला तोंड असते तर मी त्या दिवशी गल्ली गोळा केली असती.

मालक परतला तेव्हा माझ्यात मरण पसरले होते. त्याने मीठ मोजले, पिंपे उघडून बघितली, आणि भावाकडे वळला. उचलली जीभ लावली टाळ्याला!

"एवढंसुद्धा जमलं नाही तुला? खारं आणि गोडं कळत नाही? यापुढे माझ्या घरात जिवंत असलेल्या कशालाही हात लावू नकोस."

दारात त्याची पोटुशी बायको उभी होती. धाकट्याने एकदा तिच्याकडे पाहिले. माझ्यात अळंबीसारखे एक मऊ प्रवाळ होते, कडेने जळलेले, पण धुगधुगी असलेले. मालक ते टाकून देणार होता. धाकट्याने ते काचेच्या बरणीत घातले, त्याच दिवशी आपले सामान बांधले आणि निघून गेला. दोन महिन्यांनी या घरात मुलगी झाली. तिला बघायला काका आला नाही. येणार कसा? जिवंत कशालाही हात लावायचा नव्हता ना त्याने!

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि साक्षीदार मी एकटी.

त्यानंतर मालकाचे मन उडाले. मला उपसून मागच्या खोलीत ढकलले. सत्तावीस वर्षे! माझ्यात कांदे ठेवले, रद्दी ठेवली, मुलीच्या बाहुल्या ठेवल्या, नादुरुस्त इस्त्री ठेवली. एका मांजरीने माझ्यात तीन पिल्ले घातली. कुणीतरी जिवंत माझ्या पोटात हलले, असे ते तेवढेच आठ दिवस. लाल रेघ मात्र गेली नाही.

मग मालक साठीचा झाला. मुलीने दुकान हाती घेतले. रिकाम्या हातांनी तो फोन चाळू लागला आणि एके दिवशी त्याला तिथे प्रवाळांच्या टाक्या दिसल्या. "अगं, हे बघ, केवढं बदललंय सगळं!" तो बायकोला म्हणाला. पहाट आणि संध्याकाळ करणारे दिवे. आवाज न करणारे पंप. थेंब थेंब औषध घालणारी यंत्रे. उडालेल्या पाण्याची भर आपोआप घालणारे यंत्र. आणि सगळ्याची खबर फोनवर. त्याला नवी टाकीही हवी होती, पण बायको ठाम होती. "आधी हिला नीट करा. एकदा टाकून दिलीत, तेवढं पुरे."

काचवाला आला. माझे जुने लुकण खरवडायला त्याने मला उचलले, तशी माझ्या बुडाखालच्या थर्मोकोलला चिकटलेला कागद निघाला. तोच कागद! रागाच्या भरात मालकाने काचेवरून ओरबाडून भिरकावला होता, मला उपसून ढकलताना तो बुडाखाली जाऊन बसला होता. मालकाने तो वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "पिंपातले." त्याचा चेहरा मी जवळून पाहिला. त्याला कळले होते. मला वाटले, आता हा भावाला फोन करणार. त्याने कागद घडी करून पाकिटात ठेवला, फोन उचलला, आणि पंपाची ऑर्डर दिली.

माझा राग खरा तेव्हाचा आहे. चूक कुणाच्याही हातून होते. कळल्यावरही गप्प बसणारा माणूस मला सहन होत नाही.

मी पुन्हा भरले. मासे आले, नवी प्रवाळे आली, शेजारी दोन निळी पिंपेही आली, याही वेळी बिनखुणेची. चौरंग मात्र आला नाही. मालक दुसऱ्या खोलीत बसून फोनवर माझी प्रकृती बघायचा. मी दहा पावलांवर होते!

तीन महिने बरे गेले. मग एका दुपारी माझ्यातली एक गोगलगाय फिरत फिरत पाण्याची पातळी ओळखणाऱ्या तरंगत्या बोंडीवर चढली आणि तिथेच बसली. बोंडी खाली दबली. यंत्राला वाटले, पाणी कमी आहे. ते गोडे पाणी ओतू लागले, ओतू लागले. मालक दुकानात मुलीला मदत करायला गेला होता. बायको खोलीत आली आणि तिचा पाय ओल्या फरशीवर पडला. तिने फोन लावला.

"अहो, पाणी माझ्या रेघेच्या दोन बोटं वर गेलंय."

"फोनवर 'भरणं चालू' असं दिसतंय. म्हणजे यंत्र काम करतंय."

"मग यंत्रालाच फरशी पुसायला सांगा!" ती म्हणाली आणि तिने सरळ प्लग उपटला.

मालक धावत आला. मीठ फार खाली गेले होते. प्रवाळे आखडली होती, मासे तळाशी जाऊन धापा टाकत होते. अगदी तेव्हासारखे. खाऱ्या पाण्याचे पिंप रिकामे होते. मीठ मागवले होते, ते तीन दिवसांनी येणार होते. त्याने इकडेतिकडे पाहिले. या वेळी खापर फोडायला कुणाचे डोके नव्हते.

"तयार खारं पाणी एकाच माणसाकडे असेल," बायको म्हणाली.

"तो येणार नाही."

"तुम्ही कधी बोलावलंत?" तिने स्वतःच नंबर लावला. तिला तो पाठ होता. सत्तावीस वर्षे तिने दिराशी बोलणे तोडले नव्हते, हे मालकाला तेव्हा कळले. "भावजी, टाकीत गोडं पाणी गेलंय. मीठ पार उतरलंय. याल?"

धाकटा तासाभरात आला. केस पांढरे, हात तेच. चार कॅन खारे पाणी त्याने जिन्यावरून स्वतः वर आणले. माझ्यासमोर उभा राहून त्याने बाह्या दुमडल्या, आणि थांबला. मालकाकडे वळून हळू आवाजात विचारले, "दादा, हात घालू?"

मित्रांनो, सत्तावीस वर्षांपूर्वीची आज्ञा हा माणूस अजून पाळत होता.

मालकाने पाकीट काढले, त्यातला कागद काढला आणि भावापुढे धरला. "पिंपावर मी काही लिहिलं नव्हतं. चूक माझी होती."

धाकट्याने कागद हातात घेतला नाही. "मला पाठ आहे तो, दादा. पंधरा दिवस रोज वाचून पाणी घातलंय मी."

"मला चार महिन्यांपूर्वी सापडला."

"चार महिने?" धाकट्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "आणि फोन आज? तोही वहिनीनं केलेला?"

मालकाने मान खाली घातली. मला फार बरे वाटले, खोटे कशाला बोलू.

मग धाकट्याने माझ्यात हात घातला. बोंडीवरची गोगलगाय अलगद उचलली आणि खडकावर ठेवली. "हिचा काय दोष? बसायला जागा दिसली, बसली." त्याने पाणी रेघेच्या बरेच खाली उपसले आणि खारे पाणी पेल्यापेल्याने सोडायला सुरुवात केली. "झटकन उतरलंय म्हणून झटकन चढवायचं नाही. दोन दिवस लागतील." दोन दिवस तो इथेच राहिला. दोन मासे गेले, बाकीचे जगले. मुलगी दुकानातून आली, तिने काकाला वाकून नमस्कार केला. तिच्या डोक्यावर हात ठेवण्याआधीही त्याने भावाकडे पाहिले. तेव्हा मात्र मालक तोंड झाकून आत निघून गेला.

बाहेर आला तो भिंगांच्या पाकिटांवर नंबर लिहायचा जाड पेन घेऊनच. गुडघे टेकून त्याने एका पिंपावर 'गोडे' लिहिले, दुसऱ्यावर 'खारे'. अक्षर स्वच्छ आले. चष्मेवाल्याचेच ते.

"ते जुनं प्रवाळ जगलं का रे?" त्याने विचारले.

"ताटाएवढं झालंय. माझ्याकडेही यंत्रं आहेत, दादा. पण मी रोज टाकीसमोर बसतो. तू दोन महिने बसून दाखव, मग बघू."

आता चौरंग परत आला आहे. मालक रोज सकाळी चहा घेऊन बसतो आणि माझ्या रेघेकडे बघतो. माझा राग अजून गेलेला नाही. सत्तावीस वर्षांचे मीठ दोन दिवसांत कसे उतरेल? मित्रांनो, तुमच्याकडे हवी तेवढी यंत्रे येऊ द्या, माझी हरकत नाही. पण दुसऱ्यावर जिवंत काही सोपवाल तेव्हा नीट सांगा, नीट लिहा. आणि काही बिघडले तर आधी पिंपाकडे बघा, मग भावाकडे. चूक आपली निघाली तर चार महिने पाकिटात ठेवू नका.

काल दोन महिने भरले आणि धाकटा आला. आपल्या प्रवाळाचा अंगठ्याएवढा तुकडा ब्लेडने कापून त्याने माझ्यासाठी आणला होता. या वेळी त्याने काही विचारले नाही, बाह्या दुमडल्या आणि सरळ हात घातला. तुकडा ज्या बरणीतून आला, ती बरणी मी लगेच ओळखली.