शालीखालची टकटक

जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी इमारत जमली होती आणि जवळजवळ सगळ्यांचे डोळे मिटलेले. मधोमध, भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्याखाली, आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांचा लॅपटॉप मांडीवर घेऊन, त्याच्यासकट डोक्यावरून निळी शाल ओढून संपर्क महाराज बसले होते.

"तार जोड, गाठ सोड, जोड जोड महाजोड!" शालीतून आरोळी आली. "डोळे उघडू नका! या तेजानं दृष्टी जाईल!"

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. 'डोळे उघडे ठेवा' म्हणता म्हणता जन्म चाललाय माझा, आणि घरी येऊन बघतो तर हा तमाशा! मी टक्क बघत होतो, पण दिसत होती नुसती शाल. तीही कसर लागलेली.

झालं होतं असं, की इमारतीत एकही वेबसाइट धड उघडत नव्हती, आणि मोबाइलची रेंज तर आमच्या गल्लीत येतच नाही. चाक गरगर फिरायचं आणि शेवटी पाटी यायची, 'ही वेबसाइट सापडत नाही.' महाराज येऊन, दक्षिणा घेऊन पुटपुटले की उघडायची. ते गेले, की कुणाच्या तरी अश्रद्धेमुळे पुन्हा बंद. कंपनीच्या माणसाला बोलवा म्हटलं, तर अध्यक्ष म्हणाले, "छे छे! डब्याला परका हात लागला तर कोप होईल, असं महाराजांनी बजावलंय."

कोप गेला खड्ड्यात! आईचा मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर म्हणाले होते, डोळ्यात दाब वाढतोय, आता लांबवू नका. पण ऑपरेशनची तारीख मिळायची फक्त हॉस्पिटलच्या वेबसाइटवर, आणि तीही सोमवारी सकाळी, पहिल्या काही मिनिटांत. दोनदा हुकली होती. आज सोमवार होता, नोंदणी सुरू झाली होती, आणि महाराज म्हणत होते, "आजची गाठ कठीण आहे. इथे कुणीतरी नास्तिक उभा आहे!" माझं डोकं नुसतं फणफणलं.

"आजी, डोळे मिटा," अध्यक्ष कुजबुजले.

"मला मिटले काय नि उघडले काय, सारखंच," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "काय रे, हा मंत्र म्हणताना टाइप का करतो? टकटक ऐकू येते. आवाज चढवतो तो त्याच्यासाठीच."

माझी ताई शाळेत विज्ञान शिकवते. ती शेजारीच मामाशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. ती एकदम थांबली. "मामाचा कॉल आधीपासून चालू आहे, तो तुटत नाही. म्हणजे तार धडधाकट आहे. नुसती नावं सापडत नाहीयेत!"

"म्हणजे गं?" मी विचारलं.

"आपण वेबसाइटचं नाव लिहितो, पण यंत्राला लागतो तिचा नंबर. तो सांगायला चौकशीची खिडकी असते, आपल्याला ती कुठली हे हा डबा सांगतो. त्यानं बंद खिडकीचा पत्ता दिला, तर बसा बोंबलत!"

तिनं फोनवर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसरी, सगळ्यांसाठी खुली असलेली चौकशीची खिडकी निवडली. हॉस्पिटलची वेबसाइट पटकन उघडली.

"मिळाली! आईची तारीख मिळाली!" ताई ओरडली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

सगळ्यांनी डोळे उघडले. शालीतून आवाज आला, "पाहिलंत? हा आमचा प्रताप!"

"हो का? मग अध्यक्षांच्या फोनवर का उघडत नाही?" ताईनं विचारलं.

"अश्रद्धा!"

तिनं अध्यक्षांचा फोन घेतला. तेच सेटिंग केलं, वेबसाइट उघडली. काढून टाकलं, बंद. पुन्हा केलं, पुन्हा उघडली. "सांगा, या मिनिटाभरात तुमची श्रद्धा कितीदा गेली नि आली?"

अध्यक्ष फोन उलटसुलट करून बघायला लागले.

"शाल काढा बाई, उकडत असेल बिचाऱ्याला," म्हणत आईनं चाचपडत टोक धरलं आणि ओढलं. पडद्यावर तेज बिज काही नव्हतं. डब्याचं सेटिंगचं पान होतं, आणि चौकशीच्या चौकटीत अर्धवट टाइप केलेला नंबर. पहिल्याच भेटीत 'शुद्धी'च्या नावाखाली यानं डब्याचा पासवर्ड बदलला होता आणि तो लांबून उघडायची सोय करून ठेवली होती. घरबसल्या चुकीचा नंबर घालायचा, आणि बोलावणं आलं की शालीखाली बरोबरचा! महाराज जिन्यावरून असे पळाले, की चपला आमच्याकडेच राहिल्या.

बाबांनो, बिघाड झाला की काय चालतंय आणि काय बंद आहे, ते आधी बघा. एकेक गोष्ट बदलून पाहा. आणि जो बघू नका म्हणेल, त्याचेच हात आधी बघा.

आईच्या डोळ्यावरची पट्टी निघाली, तेव्हा अध्यक्ष भेटायला आले. "फसवलं हो त्यानं आम्हाला!" म्हणाले.

आईनं त्यांना नीट न्याहाळलं. "मला दिसत नव्हतं, तरी मी डोळे मिटले नाहीत. तुम्हाला तर सगळं दिसत होतं. तुम्ही का मिटलेत?"