तुपाच्या भांड्यातलं तेल

मित्रांनो, या ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी जे गोल पोटाचं, पोचे आलेलं पितळी भांडं दिसतंय ना, ते मी. मी जुनं तुपाचं भांडं आहे, पण माझ्यात तूप नाही. ते का नाही, हेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म पुण्याचा. तिथल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला, आतून चांदीसारखी कल्हई केली आणि वर गोल गाठीचं झाकण बसवलं. विनयाबाईंच्या आईने मला लेकीच्या रुखवतात मांडलं. शेजारी मोठमोठी पातेली होती, पण बायका कौतुक करायच्या माझंच. तेव्हापासून मी जरा शेफारलोच म्हणा ना.

विनयाबाईंचे यजमान मुरलीधरराव केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. त्यांची दिल्लीला बदली झाली तेव्हा बाकीची भांडी पोत्यात गेली आणि मी विनयाबाईंच्या मांडीवरच्या पिशवीत. आधी सरकारी क्वार्टर, मग दिल्लीतल्याच द्वारका भागात एका नव्या सोसायटीत स्वतःचं घर. तेव्हा तिथे झाडं कमी आणि धूळ फार. हळूहळू बाजार आला, मॉल आला, मेट्रोही आली, पण आमच्या स्वयंपाकघरात काही बदललं नाही. विनयाबाई बूथवरच्या दुधाची साय साठवायच्या, ताक घुसळायच्या आणि लोणी कढवायच्या. त्यांची मुलगी मयुरा खाली उरलेली बेरी साखर घालून खायची आणि चिकट बोटांनी मला हात लावायची. समोरच्या कक्कड आंटी वास घेत दारात यायच्या आणि म्हणायच्या, "विनयाजी, घी तो बस आपके घर का!"

माझं खरं काम मात्र जेवणाच्या सुरुवातीचं. पानात भात वाढला की त्यावर तुपाचे एक-दोन थेंब सोडायचे. याला म्हणतात अन्नशुद्धी. ती झाल्याशिवाय आमच्या घरात कोणी पहिला घास घेत नसे. विनयाबाईंचा हात न बघताच माझ्याकडे यायचा. मला त्याचा फार अभिमान होता.

मयुरा शिकली आणि दिल्लीबाहेर मानेसरच्या एका कारखान्यात मोठ्या पगारावर लागली. रोज कंपनीच्या बसने जायची. एके दिवशी ती घरी आली ती पांढरी फटक पडून.

"आई, आज बस बंद पडली ना, तिथे रस्त्यावर एक डेअरी होती," ती म्हणाली. "म्हशीसमोर तिचं बच्चा उभं केलेलं. मेलेलं, यार! आत भुसा भरलेला. आणि ती त्यालाच चाटत होती आणि दूध देत होती."

"पारडू म्हणतात त्याला," मुरलीधरराव म्हणाले.

"मी आता दूध, दही, तूप काही नाही खाणार. बिल्कुल नाही."

सगळ्यांना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण मयुरा ठाम राहिली. मग विनयाबाईंनीच कंबर कसली. शेंगदाण्याचं दूध काढून त्याचं दही लावून पाहिलं. पहिलं फसलं, दुसरं आंबट झालं, तिसरं जमलं. खिरीला नारळाचं दूध आलं. मुरलीधरराव कुरकुरले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, लेकीने काही वाईट तर नाही ना मागितलं? दयाच आली ना तिला?" त्या दिवशी मला माझी मालकीण फार मोठी वाटली.

मयुरा जेवायला बसताना रोज विचारायची, "आई, यात काही नाही ना?" आणि विनयाबाई म्हणायच्या, "काही नाही गं, जेव."

पण अन्नशुद्धीचा थेंब त्या रोज सोडत होत्या. मित्रांनो, खोटं बोलायचं म्हणून नव्हे. त्यांच्या लेखी तो थेंब म्हणजे खाणं नव्हतंच. देवापुढे हात जोडावे तसं ते होतं. कोरडा भात लेकीपुढे ठेवायला त्यांचं मन धजत नव्हतं.

एका दुपारी भातावर ऊन पडलं आणि मयुराला ते चमकताना दिसलं.

"आई, हे काय आहे?"

"अगं, अन्नशुद्धीचा थेंब. ते काय खाणं असतं का?"

"रोज घालत होतीस?"

विनयाबाईंनी मला उचलून ताटापासून दूर सरकवलं.

"थेंबाचं नाही गं आई," मयुरा म्हणाली. "मी रोज विचारायचे. आणि तू रोज नाही म्हणायचीस."

पुढच्याच महिन्यात तिने मानेसरजवळ खोली घेतली. जायला-यायला वेळ लागतो, हे कारण सांगितलं. रविवारी ती घरी यायची, हसायची, बोलायची, बाबांचा फोन दुरुस्त करून द्यायची. पण जेवायच्या वेळी स्वतःचा डबा उघडायची. आईने मांडलेल्या ताटात आपल्या डब्यातला भात काढून ती खायची आणि समोर विनयाबाई नुसत्या बसून राहायच्या. वाढायला त्यांच्या हातात काही नसायचं. त्या रविवारांइतकं दुःख मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग एके सकाळी विनयाबाईंनी मला रिकामं केलं. चिंचेने घासलं, राखेने घासलं, उकळत्या पाण्यात बुडवलं. तरी त्यांचं समाधान होईना. पालमच्या बाजारात हिंडून त्यांनी एक कल्हईवाला शोधला आणि आतून नवी कल्हई करून घेतली, तुपाचा अंशसुद्धा राहू नये म्हणून. घरी येऊन माझ्यात तिळाचं तेल ओतलं. "देवाच्या समईला चालतं, ते पानात का नाही चालणार?" त्या मुरलीधररावांना म्हणाल्या. खरं सांगतो, मला राग आला. तुपाचं भांडं मी, माझ्यात तेल? पण मला चकाकताना पाहून त्या लहान मुलीसारख्या हसल्या आणि माझा राग विरघळला.

रविवारी मयुरा आली. विनयाबाईंनी मला ताटाशेजारी ठेवलं.

"मयुरा, यात आता तेल आहे गं. सगळं स्वच्छ केलंय मी."

मयुराने माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अगं, झाकण तर उघड! वासावरून कळेल तुला!

"तू आधीही असंच म्हणायचीस, आई," ती म्हणाली. रागाने नाही, थकून म्हणाली. मग तिने पिशवीतून आपला डबा काढला.

"अच्छा," विनयाबाई म्हणाल्या आणि मला उचलून मांडणीवर ठेवून आल्या.

त्याच वर्षी थंडीत विनयाबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मयुरा सुट्टी घेऊन धावत आली. इस्पितळातून घरी आणल्यावर तिने आईसाठी मऊ भात केला. आईला भातावर तूप लागतं, हे तिला ठाऊक होतं. ज्या वस्तूला ती हात लावत नव्हती, ती आईसाठी आपल्या हाताने वाढायला ती माझ्याकडे आली. तिने झाकण उघडलं आणि तिला तिळाचा वास आला.

"बाबा, यात तर तेल आहे."

"तेव्हापासून तेच आहे," मुरलीधरराव म्हणाले. "घरात तूप आणायचंच बंद केलं तिने. मी मागितलं तर म्हणाली, मयुरा जेवायला बसेल तेव्हा सगळ्यांना एकाच भांड्यातलं वाढायचंय."

मयुरा मला छातीशी धरून खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून ती आईजवळ गेली.

"आई, तुझ्यासाठी तूप आणू का? तुला हवं असेल तर मी स्वतः आणते."

विनयाबाईंनी मानेनेच नको म्हटलं. डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवलं. मयुराने भातावर तेलाचे थेंब सोडले आणि आईला भरवलं. थोडं खाऊन विनयाबाईंनी तोंड फिरवलं आणि वाटी डाव्या हाताने लेकीकडे सरकवली. मयुराने काही न विचारता तो भात खाल्ला. विनयाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पण त्यांचा उजवा हात पुन्हा उठला नाही. होळीच्या आधी त्या गेल्या.

आता मी मयुराच्या घरी असतो. मुरलीधरराव आले की ती आधी विचारते, "बाबा, तूप आणू का?" आणि ते म्हणतात, "आहे तेच वाढ."

मित्रांनो, मला घासलंत काय आणि न घासलंत काय, नव्या कल्हईची मला आता हौस उरलेली नाही. माझी विनंती वेगळीच आहे. आपल्या माणसाच्या पानात काही वाढण्याआधी त्याला विचारा आणि तो सांगेल ते माना. आणि ज्याच्या हातून एकदा चुकलं, त्याने भांडं घासूनपुसून पुन्हा तुमच्यापुढे ठेवलं, तर झाकण उघडून बघा. त्या रविवारी मयुराने ते उघडलं असतं, तर आईच्या हातचं वाढलेलं आणखी एक जेवण तरी तिला मिळालं असतं.